मालवणात जाल तेव्हा तागडीही पाहा

मुंबई-गोवा महामार्गावर कसालला गाडी वळली की मालवणपर्यंतचा तीस-पस्तीस किलोमीटरचा रस्ता डोळे मिटून घालवू नका. कट्टा, चौके, कुंभारमाठ अशी गावे लागतात. दोन्ही अंगांना काजू, मध्येच एखादी आमराई, व्हाळाच्या कडेला भाताची खाचरे आणि घरांमागे माड. कोकणच्या शेतकऱ्याची सारी मालमत्ता एवढ्या वाटेत पाहून होते. शेवटचा उतार संपतो आणि खारा वारा तोंडावर येतो.

मालवणला माणसे किल्ला पाहायला, मासळी खायला आणि तारकर्लीच्या वाळूत पाय बुडवायला येतात. तुम्हीही ते सारे करा. पण आपण शेतकरी माणसे. आपला जन्म माल मोजून देण्यात आणि मोजून घेण्यात जातो. म्हणून या खेपेस मी तुम्हाला मालवणची एक वेगळी वस्तू दाखवणार आहे. ती किल्ल्यात नाही, बाजारात आहे आणि तिच्याकडे कोणी मान वळवून पाहत नाही. ती म्हणजे दुकानदाराचे वजन आणि त्यावरचा सरकारी ठसा. मी वजनमापांच्या खात्याचा माणूस नव्हे, शेतीखात्यातला. पण शेतकऱ्याने वर्षभर राबून पिकवलेले शेवटच्या पाच मिनिटांत काट्यावर कसे सांडते, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की हा विषय आपला नाही असे म्हणवत नाही.

आधी किल्ला उरकून घेऊ. बंदरावरून होडी मिळते. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू केले. पायाभरणीची पूजा किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी झाली, तो धोंडा आजही दाखवतात. आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. चहूकडे समुद्र आणि मध्ये गोडे पाणी! महाराजांचे मंदिरही आत आहे. तट बांधताना पायाच्या दगडांत शिसे ओतले असे सांगतात. दगड हलू नये म्हणून शिसे. हे लक्षात ठेवा, कारण थोड्या वेळाने बाजारात आपल्याला पुन्हा शिसेच भेटणार आहे आणि तिथेही त्याचे काम तेच आहे.

आणखी एक गोष्ट होडीत बसल्या बसल्या आठवण्यासारखी आहे. महाराजांच्या कारकिर्दीत जमिनीची मोजणी झाली ती ठरवून दिलेल्या काठीने. काठी पाच हात पाच मुठींची. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर. काठी ठरवून देण्यामागचे कारण उघड आहे. मोजणाऱ्याच्या हाताप्रमाणे काठी लांब-आखूड होऊ लागली, तर सारा देणाऱ्या कुळाला दाद मागायला जागाच उरत नाही.

आता बंदरावरून मासळीबाजारात या. सकाळी किंवा संध्याकाळी होड्या लागल्या की किनाऱ्यावर लिलाव होतो. बांगड्याची टोपली समोर असते, सगळे ती डोळ्यांनी पाहतात आणि बोली लागते. आत बाजारात बसलेल्या बायका वाटे लावतात. पाच बांगड्यांचा वाटा, मूठभर कोळंबीचा वाटा. तिथे उभे राहून कोणी वजन विचारले तर ती बाई हसून म्हणेल, "ह्यो वाटो आसा दादा, डोळ्यान बघा आणि घेवा." तिचे बरोबर आहे. वाट्यात लपवायला काही नसते. माल तुमच्यासमोर उघडा आहे, तुम्ही पाहता, घासाघीस करता, पटले तर घेता. फसलात तर डोळ्यांनी फसलात. मात्र सुरमई किंवा पापलेट कापून किलोवर द्यायची वेळ आली की चित्र पालटते. तिथे तुमचा डोळा उपयोगाचा नाही. पारड्यात काय बसले आहे ते वजन सांगणार, आणि वजन खरे की खोटे हे तुम्हाला पाहून कळणार नाही. मग विश्वास कशावर ठेवायचा? तर ठशावर.

बाजारपेठेत शिरा. बहुतेक दुकानांत आता विजेचा काटा आला आहे, लाल आकडे चमकणारा. पण जुन्या दुकानाच्या फळीवर अजून षटकोनी लोखंडी वजनांची ओळ दिसते. पाच किलो, दोन किलो, किलो, अर्धा किलो. ओळखीचा दुकानदार असेल तर एखादे वजन हातात मागून घ्या आणि उलटे करा. तळाशी एक खळगा दिसेल आणि त्यात ओतलेले शिसे. ओतीव लोखंडाचे वजन नेमके एक किलोचे ओतता येत नाही. म्हणून ते जरा हलके ओततात आणि खळग्यात शिसे घालून वजन पुरे करतात. निरीक्षक ते आपल्याकडच्या प्रमाण वजनाशी ताडून पाहतो आणि बरोबर भरले की त्या मऊ शिशावर ठसा उमटवतो. पुढे कोणी शिसे खरवडले किंवा वर आणखी ओतले तर ठसा मोडतो. खळग्यातले ते बोटभर शिसे म्हणजे त्या वजनाचा जामीनच.

ठसा वाचायला शिका, अवघड नाही. त्यात निरीक्षकाची खूण असते, सालाचे शेवटचे दोन आकडे असतात आणि ए, बी, सी, डी यांपैकी एक इंग्रजी अक्षर असते. ते अक्षर तिमाहीचे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. लोखंडी वजने, मापे आणि साधी तागडी यांची फेरतपासणी दर २४ महिन्यांनी व्हावी लागते. विजेच्या काट्याची दर १२ महिन्यांनी. तपासणीचे प्रमाणपत्र दुकानात दिसेल अशा जागी लावायचे असते. ते भिंतीवर कॅलेंडरच्या मागे गेले असेल तर, "जरा कॅलेंडर बाजूला करा बघू," असे म्हणायला हरकत नाही. त्यात दुकानदाराचा अपमान नाही. चोख व्यापारी ते स्वतःच दाखवतो, कारण खोट्या काट्याच्या शेजाऱ्यामुळे गिऱ्हाईक तुटते ते त्याचेच.

दोन वर्षांत लोखंडाला काय होते, असे कोणी म्हणेल. त्याने मालवणात एक पावसाळा काढावा. या हवेत खिडकीचे गज खातात, पत्र्याला भोके पडतात, सायकलची साखळी आठ दिवसांत तांबडी होते. वजनही लोखंडाचेच. त्याला गंज चढतो, गंजाचे पोपडे पडतात, आणि प्रत्येक पोपड्याबरोबर ते थोडे थोडे हलके होते. दुकानदाराच्या मनात काही नसले तरी त्याचे किलोचे वजन किलोचे राहत नाही. तुम्ही साखर घ्यायला गेलात तर कमी साखर मिळते. उलट त्याच तागडीवर तुम्ही काजू बी विकायला नेलीत, तर हलक्या वजनाने तुमचाच फायदा होतो! म्हणून लबाडाला एका वजनाने भागत नाही. द्यायचे वजन हलके आणि घ्यायचे जड, असे दोन संच लागतात. कोणाच्या दुकानात एकाच मापाची दोन वजने दिसली, तर दोन्हींचे तळ पाहून घ्या.

जुन्या मापांचा विषय निघाला की घरातली म्हातारी माणसे हळहळतात. त्यांचेही ऐकावे. मालवणकडच्या जुन्या घरांच्या माळ्यावर अजून पायली सापडते, अधोली, शेर, मापटे, चिपटे सापडते. चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी हे कोष्टक पाढ्यांसारखे पाठ असे. सून घरात येते ती तांदळाने भरलेले माप ओलांडूनच. इतके ते आपल्या घरादाराशी जडलेले. पण त्या मापात गोम होती. भात सपाट भरायचे की शीग लावून? पायली हलवून भरायची की अलगद ओतायची? आपटून भरलेल्या पायलीत जास्त दाणे मावतात हे पोरालाही कळते. खंड घालताना, कर्ज फेडताना पायली शिगोशीग भरून आपटली जायची आणि तेच भात उसने मिळताना सपाट मिळायचे. पाऊस लांबला की गरीब घराने दीडीने भात उचलायचे आणि सुगीला दीडपट परत करायचे. त्यात मापाची शीग वेगळीच! त्या शिगेत किती घरांची खाचरे गेली याचा हिशेब कोणी लिहून ठेवला नाही.

वजनांचेही तेच. मण म्हटला की केवढा, हे गाव आणि माल विचारल्याशिवाय कळत नसे. बंगाली मण सव्वासदतीस किलोच्या वर, तर मुंबईचा जुना मण सुमारे १२.७ किलोचा. नाव एकच आणि फरक जवळजवळ तिपटीचा. मुंबई इलाख्याने १९३२ साली वजनमापांचा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली देशभरासाठी दशमान पद्धतीचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो टप्प्याटप्प्याने बाजारात आला. शेराच्या हिशेबात वाढलेल्या माणसांना ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम हे पचवायला काही वर्षे लागली. पुढे १९७६ चा कायदा आला, आणि आज चालतो तो २००९ चा वैधमापन कायदा, एप्रिल २०११ पासून लागू झालेला.

तुमच्या दुकानदाराचा किलो हा खरा किलो, हे निरीक्षकाला तरी कोण सांगते? त्याच्याजवळची प्रमाण वजने त्याहून वरच्या प्रयोगशाळेतल्या वजनांशी ताडलेली असतात, ती त्याहून वरच्या. या साखळीत लागणारी प्रमाण वजने मुंबईच्या सरकारी टांकसाळीत बनतात. साखळीच्या टोकाला नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत प्लॅटिनम-इरिडियमचा एक लहानसा दंडगोल आहे, किलोची ५७ क्रमांकाची प्रत. मूळ दंडगोल पॅरिसजवळ जपून ठेवलेला. १८८९ पासून जगभरचा किलो त्या एका तुकड्यावर उभा होता. पण तोही धातूच. त्याच्या प्रतींशी ताडताना त्यात अगदी सूक्ष्म फरक पडलेला दिसला. तेव्हा २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या निसर्गातल्या एका स्थिरांकावर बसवली. म्हणजे तिकडे काचेच्या आवरणांखालचा किलोही बदलतो, मग मालवणच्या खाऱ्या वाऱ्यातल्या वजनाची काय कथा!

आता बाजार सोडू आणि आलो त्या रस्त्याने काजूच्या गावांत परत जाऊ. खरी गोष्ट तिथे आहे.

मार्च ते मे या दिवसांत या वाडीवस्त्यांत फिरा. पडवीत, अंगणात काजू बी वाळत घातलेली दिसेल. सकाळी पोरेटोरे, बायामाणसे बोंडे वेचून बी वेगळी करतात. बोटांची साल जाते. मग एक दिवस टेम्पोवाला खरेदीदार दारात येतो. त्याच्या हातात आकड्याचा लटकता काटा असतो, मुठीत मावणारा, खाली हूक आणि वर आकडे. पिशवी अडकवली, उचलली, आकडा वाचला, "साडेसात," पैसे मोजले, गेला. घरातली बाई विचारते, "वजन बरोबर आसा मां?" तो म्हणतो, "काय गे वहिनी, एवढो इस्वास नाय?"

प्रश्न विश्वासाचा नाहीच. ते हातातले काटे बहुतेक घरगुती वापराचे, प्रवासातली बॅग तोलण्यासाठी विकले जातात. त्यांच्यावर व्यापारासाठीची मान्यता नाही, ठसा नाही आणि तपासणीही नाही. हात हलला की आकडा हलतो. असा काटा कदाचित बरोबरही दाखवत असेल, पण तो बरोबर आहे असे सांगणारा कोणी नाही. बिनठशाच्या काट्यावर माल घेणे हा कायद्याने गुन्हा आहे, मग काटा खरा असो वा खोटा.

पण शेतकरी बंधूंनो, काट्यावर ठसा असला म्हणून निश्चिंत होऊ नका. माझ्या अनुभवात आपले नुकसान काट्यात थोडे आणि काट्यानंतर जास्त होते. व्यापाऱ्याच्या वखारीत चांगला ठशाचा, १०० किलोचा, १० ग्रॅमच्या फरकाने आकडा दाखवणारा काटा असतो. गोणी चढते, आकडा ५० येतो. तो वहीत ४९ लिहितो. विचारले तर उत्तर मिळते, कडता. कुठे त्याला घट म्हणतात, कुठे तूट, कुठे "गोणीमागे किलो, आमच्याकडे रिवाजच आहे." बारदानाचे म्हणून वेगळे कापतात ते आणखी निराळे.

आता गंमत पाहा. असा काटा पडताळताना ५० किलोच्या वजनाला त्याची चूक १५ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. पुढे वापरात असताना तपासला तर कायदा दुप्पट सूट देतो, म्हणजे ३० ग्रॅम. तीस ग्रॅमवर गेला की काटा नापास. यंत्राला तीस ग्रॅम माफ आणि रिवाजाला एक किलो! तीसपटीहून जास्त. खाते त्या तीस ग्रॅमसाठी प्रयोगशाळा चालवते आणि आपण तो किलो मान हलवून सोडून देतो.

हिशेब करा. वीस गोण्या, प्रत्येकी ५० किलो, म्हणजे एक टन बी. गोणीमागे किलो धरला तर वीस किलो गेले. किलोला शंभर रुपये धरले तर दोन हजार रुपये. चालू दर काय असेल तो तुम्ही घाला. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रातून १९८१ साली आलेल्या वेंगुर्ला-४ या जातीच्या झाडाचे सरासरी उत्पन्न सतरा किलोच्या आसपास धरतात. म्हणजे एका भरल्या झाडाचे वर्षाचे सारे पीक, त्याला घातलेले शेणखत, फवारणी आणि वेचणीची मजुरी धरून, वहीतल्या एका आकड्याच्या फरकात गेले.

२००९ च्या वैधमापन कायद्यात कलम १२ आहे. ते प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. साध्या शब्दांत ते असे सांगते : व्यवहारात जे वजन, माप किंवा संख्या ठरली, त्यापेक्षा जास्त किंवा कमी माल मागण्या-घेण्याची मुभा देणारा कोणताही रिवाज, प्रथा किंवा पद्धत कायद्याने रद्दबातल आहे. "आमच्याकडे रिवाजच आहे" या वाक्याला कायद्यात उत्तर लिहून ठेवले आहे. संख्येचाही उल्लेख त्यात आहे हे माड आणि आंबावाल्यांनी पाहावे. नारळाच्या शेकड्यावर कोणी चार "वर" मागितले, डझनाला तेरावा आंबा मागितला, तर तो तुमच्या खुशीने द्या, हक्क म्हणून देऊ नका.

व्यापाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणतो, बी ओली असते, वखारीत वाळून घटते, मी तोटा का खाऊ? म्हणणे खोटे नाही. काही जण घाईने ओली बी गोणीत भरतात, काही जण खाली माती-खडेही ठेवतात, हे आपणही कबूल करू या. पण ओलावा हा दराचा विषय आहे, वजनाचा नव्हे. बी ओली असेल तर त्याने दर कमी सांगावा, मी पटले तर देईन. ५० किलोला ४९ लिहिले की माझ्या वाळलेल्या बीलाही तोच दंड आणि शेजाऱ्याच्या ओल्या बीलाही तोच. मग बी वाळवण्याचे कष्ट कोण घेईल? वेचलेली बी दोन-तीन दिवस चांगल्या उन्हात वाळवा, खडे-पाने काढा, आणि मग वजन पुरे मागा. बारदानाचेही तसेच. रिकामी गोणी काट्यावर टाका आणि येईल तेवढे वजा करा. तागाची नवी पोती साधारण अर्धा किलोच्या थोडी वर भरते. तिला किलो कापायचे कारण नाही.

विकायला जाताना घरून वजन करून निघावे. त्यासाठी काटा घ्यायलाच हवा असे नाही. वाडीतल्या चार-सहा घरांनी मिळून पाच किलोचे एक लोखंडी ठशाचे वजन घेतले तरी मोठे काम होते. खरेदीदाराच्या काट्यावर आधी ते ठेवायचे. पाच आले तर पुढे बोलायचे. मोठ्या काट्याच्या मध्यावर ठेवून पाहा, मग चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहा. आकडा सगळीकडे तोच आला पाहिजे. काटा सपाट जागी आहे ना, रिकाम्या काट्यावर शून्य आहे ना, आणि आकडे तुमच्याकडे तोंड करून आहेत ना, हे पाहायला पैसे पडत नाहीत. साध्या तागडीची परीक्षा तर आजीलाही ठाऊक होती. रिकामी पारडी समान पाहायची, खाली चिंच-मेण चिकटवलेले नाही ना ते बघायचे, माल एकदा तोलून झाला की माल आणि वजन यांची पारडी अदलाबदल करून पुन्हा तोलायचे. दांडी खोटी असेल तर लगेच उघडी पडते.

वे-ब्रिजवाल्यांविषयी एक शब्द. काही जण चार-दोन गोण्या टेम्पोत टाकून वे-ब्रिजवर वजन करून घेतात आणि चिठ्ठी मिळाली म्हणून खूश होतात. त्या काट्याचा आकडा पाच किंवा दहा किलोने पुढे सरकतो. ट्रकभर चिऱ्याला तो ठीक, तुमच्या चार गोण्यांना नाही. प्रत्येक काट्याच्या पट्टीवर त्याची जास्तीत जास्त आणि कमीत कमी तोलण्याची मर्यादा लिहिलेली असते. पाच ग्रॅमच्या फरकाच्या दुकानी काट्यावर शंभर ग्रॅमच्या खालचे तोलू नये असा नियम आहे. मिरी, जायफळ असला महाग माल थोडा थोडा विकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आमच्या खात्यातही काट्याशिवाय गत नाही. पीक कापणी प्रयोगात शेतात चौकट आखून तेवढ्यातले भात कापतो, झोडतो, तोलतो. समजा चौकट शंभर चौरस मीटरची आहे. तोलताना शंभर ग्रॅमची चूक झाली तर हेक्टरी उत्पन्नात ती दहा किलो होते, आणि त्या आकड्यावर साऱ्या मंडळाचा पीकविमा ठरतो. तुमच्या गावात प्रयोग होईल तेव्हा बांधावर येऊन उभे राहा, काट्याचा ठसा पाहा आणि वजन मोठ्याने वाचायला सांगा. आमच्यापैकी कोणी त्याचा राग मानू नये.

तक्रार करायची झाली तर प्रत्येक जिल्ह्यात वैधमापन शास्त्राचे निरीक्षक आहेत. गाव, दुकान, दिवस, काट्यावरचा ठसा किंवा ठसा नसणे, आणि वहीतले आकडे एवढे कागदावर असले की पुरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे. मात्र रागाच्या भरात नुसते "लुटतात हो" म्हणून कळवले तर निरीक्षक येऊन काय पाहणार? म्हणून प्रत्येक विक्रीला वहीत तीन आकडे लिहा. गोणीसकट वजन, रिकामी गोणी, निव्वळ वजन. हे काम घरातल्या शिकणाऱ्या मुलीकडे द्यावे. मालवण तालुक्यातल्या एका वाडीत मी पाहिले आहे, वही घेऊन नववीतली पोर काट्याशेजारी उभी राहिली तेव्हा खरेदीदाराने कडत्याचे नावही काढले नाही. तिने काही विचारलेही नव्हते, नुसती पेन्सिल धरून आकड्याकडे पाहत होती.

परतताना महामार्गाला लागण्यापूर्वी मोटरसायकलीत पेट्रोल भराल, किंवा पॉवर टिलरसाठी कॅनमध्ये डिझेल घ्याल. तिथेही शून्य पाहून घ्या. शंका आली तर पंपावर पाच लिटरचे ठशाचे माप ठेवलेले असते, ते मागा. त्यात पाच लिटर ओतून दाखवायला सांगा. २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी भरले तर ते माप तसेच राहू द्या आणि निरीक्षकाला कळवा.